छेदातली मुलं

घराबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या निवासी संस्थांच्या वार्षिक अहवालात एक वाक्य हमखास भेटतं : 'आमच्याकडून बाहेर पडलेल्यांपैकी ७५ टक्के मुलं आज स्थिर आयुष्य जगत आहेत.' वाचून बरं वाटतं. अशा वेळी शाळेतला अपूर्णांक आठवावा. वर अंश, खाली छेद. अंशात कोण आहे ते अहवाल आनंदानं सांगतो, फोटोंसकट सांगतो. छेदात कोण आहे ते विचारावं लागतं.

समजा, वर्षभरात ४० मुलं संस्थेतून बाहेर पडली. त्यातली ३० ठरल्याप्रमाणे गेली, निरोपसमारंभ होऊन. उरलेल्या दहांपैकी काही पळून गेली, काहींना 'इथे जमत नाही' म्हणून दुसरीकडे हलवलं, काहींना घरचे मध्येच घेऊन गेले. सहा महिन्यांनी फोन केले ते त्या ३० जणांना. २० सापडले. त्यातले १५ ठीक होते. पंधरा भागिले वीस, पंचाहत्तर टक्के. भागाकारात चूक नाही. पण छेदात ४० लिहून पाहा. ठीक आहेत हे ज्यांच्याबद्दल माहीत आहे असे १५, म्हणजे ३७.५ टक्के. अडचणीत आहेत हे माहीत असलेले ५. आणि २० जणांबद्दल काहीच ठाऊक नाही. ते वीसच्या वीस ठीक निघाले तर आकडा ८७.५ टक्क्यांवर जातो, एकही ठीक नसला तर ३७.५ वरच राहतो. खरं उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. मधली ही पन्नास टक्क्यांची फट म्हणजे संस्थेला आपल्याच मुलांविषयी किती कमी माहिती आहे, याचं माप.

बरं, न सापडलेली मुलं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नसतात. घर सुटलं की नंबर सुटतो. मारामारीत फोन गेला, पैसे नव्हते म्हणून सिम बंद पडलं, किंवा संस्थेतून आलेला फोन उचलावासाच वाटला नाही. ज्यांचं बिनसलंय तीच मुलं आधी हरवतात, आणि ती हरवल्यामुळे टक्केवारी सुधारते. या क्षेत्रातली मोजमापाची सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते. प्रश्नावली कुठली वापरली, सॉफ्टवेअर कुठलं घेतलं, हे प्रश्न त्यानंतरचे.

मोजायचं कोणासाठी, हे आधी ठरवून घ्यावं लागतं. निधी देणाऱ्यांना आकडे हवे असतात, तपासणीला येणाऱ्यांना कागद हवे असतात, म्हणून मोजमाप त्यांच्यासाठी आहे असा समज रूढ झाला आहे. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं २५वं कलम वेगळं सांगतं. काळजी, संरक्षण किंवा उपचारांसाठी सक्षम यंत्रणेनं घराबाहेर ठेवलेल्या मुलाला, त्याला मिळणाऱ्या उपचारांचा आणि त्याला तिथे ठेवण्याशी संबंधित साऱ्या परिस्थितीचा ठरावीक काळानं आढावा घेतला जाण्याचा हक्क आहे. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यात तात्पुरत्या संगोपनात असलेल्या मुलाच्या आढाव्याचा काळही दिला आहे : शक्यतो किमान दर तीन महिन्यांनी. आढावा मुलाच्या मालकीचा आहे. अहवाल ही त्यातून निघणारी दुय्यम गोष्ट.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. यातून रोजच्या कामातली एक कसोटी हाती येते : भरलेला प्रत्येक फॉर्म ज्याच्याबद्दल भरला, त्याच्यासमोर आठवड्याभरात ठेवता आला पाहिजे. 'हा तुझा आलेख. इथे तुला झोप लागत नव्हती, इथे लागायला लागली. मधे हा खड्डा का पडला, तुला काय वाटतं?' जो कागद मुलासमोर ठेवायला संकोच वाटतो, त्याची भाषा तरी चुकलेली असते नाहीतर हेतू तरी.

काय मोजायचं याची मांडणी जुनीच, पण अजून कामाची आहे. अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेचा दर्जा तपासण्यासाठी तीन पायऱ्या सांगितल्या : रचना, प्रक्रिया, परिणाम. निवासी संस्थेत रचना म्हणजे किती मुलांमागे किती माणसं, रात्री किती जण जागे, खोल्या कशा. प्रक्रिया म्हणजे त्या माणसांनी काय केलं. परिणाम म्हणजे मुलाच्या आयुष्यात काय बदललं. तपासण्या बहुतेक रचनेपाशी थांबतात, कारण खाटा मोजता येतात. निधी देणारे थेट परिणामावर उडी मारतात. मधली प्रक्रिया उपाशी राहते. सुधारणा मात्र तिथेच करता येते. 'मुलं स्थिर व्हावीत' असं उद्या सकाळच्या पाळीला सांगून काय होणार? 'नव्या मुलाचं घरच्यांशी पहिलं बोलणं ४८ तासांच्या आत झालं पाहिजे' हे सांगता येतं, करता येतं, आणि झालं की नाही ते पाहता येतं.

माझ्या मते प्रक्रियेतली सगळ्यात बोलकी मोजणी अगदी साधी आहे : एका मुलाची मुख्य जबाबदारी असलेला माणूस वर्षात किती वेळा बदलला? कर्मचारी सोडून जाण्याचं प्रमाण संस्था काढतात, पण ते संस्थेच्या बाजूनं. वर्षात तीसातले दहा गेले, झालं. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर चित्र निराळं दिसतं. कोणी नोकरी सोडली नाही तरी पाळ्यांची फेररचना होते, मजला बदलतो, रजा पडते, आणि एखाद्या मुलाला वर्षात पाचव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. ही मोजणी मुलागणिक ठेवा. सरासरी काढू नका, कारण सरासरीत तो पाचवाला विरघळून जातो. वरच्या टोकाला कोण आहे त्याची यादी करा, नावानिशी, आणि ती अधीक्षकांच्या टेबलावर असू द्या.

आता परिणामाकडे. मुलाचं जगणं एका आकड्यात मावत नाही हे सगळेच म्हणतात, तरी शेवटी एकच आकडा शोधतात. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात घराबाहेर वाढणाऱ्या मुलांसाठी तयार झालेल्या आढावा-पद्धतीनं सात बाजू धरल्या होत्या : आरोग्य, शिक्षण, ओळख, कुटुंब आणि इतर नाती, चारचौघांतला वावर, भावना व वर्तन, आणि स्वतःची काळजी घेण्याची कौशल्यं. यातली 'ओळख' बहुतेक फॉर्ममधून गळते. आपण इथे का आहोत, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का? स्वतःचा लहानपणचा एखादा फोटो त्याच्याकडे आहे का? हे प्रश्न हळवे वाटतील, पण उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच येतं, आणि नाही आलं तर काय करायचं तेही लगेच कळतं.

भावना आणि वर्तनासाठी तयार साधनं आहेत. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ ची एसडीक्यू, म्हणजे मुलांची बलस्थानं आणि अडचणी विचारणारी प्रश्नावली, ही त्यातली सर्वाधिक वापरली जाणाऱ्यांपैकी एक. पंचवीस विधानं, प्रत्येकी पाचाचे पाच गट : भावनिक त्रास, वर्तनाच्या तक्रारी, अतिचंचलता, बरोबरीच्या मुलांशी अडचणी, आणि दुसऱ्याला मदत करण्याची वृत्ती. प्रत्येक विधानाला ०, १ किंवा २ गुण. पहिल्या चार गटांची बेरीज ० ते ४० मध्ये येते, आणि ती जितकी जास्त तितक्या अडचणी जास्त. पाचवा गट त्यात मिळवायचा नसतो, आणि घाईत भरणारे नेमका तो मिळवतात. दुसरी चूक कमी दिसते पण जास्त नडते. नेहमीचा फॉर्म मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारतो. तोच फॉर्म तीन महिन्यांनी पुन्हा भरला, तर अर्धं उत्तर मूल संस्थेत येण्याआधीच्या काळाचं असतं. पाठपुराव्याचा वेगळा फॉर्म आहे, तो मागच्या एका महिन्याबद्दल विचारतो. तोच वापरावा.

मुलांच्या गरजा आणि बलस्थानं नोंदवणाऱ्या, जॉन लायन्स यांच्या कॅन्स या साधनाचा विचार वेगळा आहे. तिथे प्रत्येक बाबीला ० ते ३ गुण देतात, आणि गुणाचा अर्थ थेट कृतीशी बांधलेला असतो : ० म्हणजे गरज दिसत नाही, १ म्हणजे लक्ष ठेवा, २ म्हणजे काहीतरी करायला हवं, ३ म्हणजे आत्ता, जोरानं करायला हवं. या बांधणीमुळे एक तपासणी आपोआप होते. ज्या बाबीला २ किंवा ३ दिलेत, ती मुलासाठी काय करायचं याच्या आराखड्यात आहे का? फाइल उघडून दोन कागद शेजारी ठेवले की दहा मिनिटांत कळतं. 'झोप : ३' असं लिहिलेलं आणि आराखड्यात झोपेचा उल्लेखच नाही, असं निघालं तर त्या फॉर्मवर घातलेला तास वाया गेला. त्याहून वाईट म्हणजे मुलाला एक प्रश्न विचारला गेला आणि त्याच्या उत्तराचं पुढे काहीच झालं नाही. मुलं हे लक्षात ठेवतात. पुढच्या वेळी ती 'सगळं ठीक' असं उत्तर देतात.

साधन कुठलंही असो, पहिली मोजणी कधी आणि कोणी केली यावर सगळी इमारत उभी राहते. मूल आलं त्या दिवशी ते घाबरलेलं, थकलेलं किंवा गप्प असतं. पुढचे दोनतीन आठवडे बरीच मुलं अंदाज घेत शहाण्यासारखी वागतात. त्या काळात भरलेला फॉर्म गोड निघतो, दीड महिन्यानं भरलेला कडू, आणि मूल संस्थेत येऊन बिघडलं असा निष्कर्ष निघतो. उलट प्रकारही होतो. प्रवेशाच्या वेळी वैतागलेल्या पालकांनी फॉर्म भरला, जाताना जीव लावलेल्या काळजीवाहकानं भरला. गुण सुधारले, पण सुधारलं काय? फक्त भरणारा बदलला. म्हणून निदान दोन सुरुवाती ठेवाव्यात : एक, येण्याआधीच्या काळाबद्दल, त्या काळात मुलासोबत असलेल्यानं भरलेली. दुसरी, तिसाव्या दिवसाच्या आसपास, संस्थेतल्या मुख्य काळजीवाहकानं भरलेली. पुढच्या साऱ्या मोजण्यांची तुलना या दुसरीशी. अकरा वर्षांपुढच्या मुलांनी स्वतःबद्दलचा फॉर्म स्वतः भरावा, आणि भरताना त्यांचा काळजीवाहक खोलीत नसावा.

तरीही एक सापळा उरतो. मुलं संस्थेत येतात तीच सगळ्यात वाईट दिवसांत. कोणतीही चढउतार असलेली गोष्ट टोकाला असताना मोजली, तर पुढच्या वेळी ती बहुधा मध्याकडे सरकलेली दिसते. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीवरून हे दाखवलं. उंच आईबापांची मुलं सरासरीपेक्षा उंच खरी, पण आईबापांइतकी नाहीत. निवासी संस्थेच्या 'आधी' आणि 'नंतर'च्या आकड्यांत या सरकण्याचा वाटा किती आणि कामाचा किती, हे तुलनेचा गट, म्हणजे तशाच पण संस्थेत न आलेल्या मुलांचा गट, नसेल तर सांगता येत नाही. ज्या संस्थेला असा गट मिळणं शक्य नाही, तिनं निदान दावा तेवढाच करावा : 'मुलांचे गुण सुधारले'. 'आमच्यामुळे' हा शब्द महाग आहे.

एकेका मुलाच्या बाबतीत मात्र बदल खरा की मोजमापातली थरथर, हे तपासायची रीत आहे. जेकबसन आणि ट्रूअॅक्स यांनी १९९१ मध्ये ती मांडली. उदाहरणादाखल, जिच्यात कमी गुण म्हणजे कमी त्रास अशा एखाद्या प्रश्नावलीचं प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात त्याचं माप) ६ आणि विश्वासार्हता (पुन्हा मोजलं तर उत्तर कितपत तेच येतं, ० ते १ मध्ये) ०.८ धरू. १ मधून ०.८ वजा, उरले ०.२. त्याचं वर्गमूळ सुमारे ०.४५. गुणिले ६, आले सुमारे २.७. दोन मोजण्यांतला फरक पाहायचा आहे म्हणून गुणिले दोनाचं वर्गमूळ, ३.८. आणि १.९६ नं गुणलं की साधारण ७.४. म्हणजे या प्रश्नावलीवर एखाद्या मुलाचे गुण २२ वरून १७ वर आले, तर त्याला अजून 'सुधारलं' म्हणता येत नाही. आठ गुणांचा फरक दिसला तर बोलावं. हे गणित एकदा करून प्रत्येक साधनाचा तो उंबरठा भिंतीवर लिहून ठेवला, तर कितीतरी खोटे आनंद आणि खोट्या निराशा टळतील.

समाधानाच्या फॉर्मबद्दलही सांगायला हवं, कारण बऱ्याच संस्थांचं सगळं मूल्यमापन तेवढंच असतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ मध्ये केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास सुरू झाला. ५०६ मुलगे, दोन-दोनांच्या जोड्या लावून नाणेफेकीनं वाटलेले. एकाला अनेक वर्षं समुपदेशन, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला यातलं काही नाही. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्या माणसांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश म्हणाले, आम्हाला फायदा झाला. प्रत्यक्षात पुन्हा पुन्हा गुन्हा करणं, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू अशा अनेक मापांवर त्यांचीच बाजू वाईट निघाली. पुढे डिशन, मॅकॉर्ड आणि पुलिन यांच्या १९९९ च्या लेखात असं दाखवलं गेलं की हे नुकसान मुख्यतः एकाहून जास्त वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांत एकवटलं होतं. अडचणीतली मुलं एकत्र आली की एकमेकांच्या चुकीच्या वागण्याला दाद देतात, आणि ती दाद मोठ्यांच्या उपदेशापेक्षा गोड लागते. निवासी संस्था म्हणजे बारा महिन्यांचं शिबिर. म्हणून मुलाला 'तुला इथे आवडतं का' हे जरूर विचारावं, तो त्याचा हक्क आहे. त्या उत्तराला परिणाम मात्र समजू नये. आणि मोकळ्या वेळात मुलं कोणासोबत, कोणत्या मोठ्या माणसाच्या नजरेखाली असतात, हे प्रक्रियेच्या मोजमापात असलंच पाहिजे.

सुरक्षेच्या नोंदींत छेद पुन्हा डोकं वर काढतो. मुलाला बळानं धरून ठेवण्याच्या घटना गेल्या महिन्यात १८ होत्या, या महिन्यात १६. सुधारणा झाली? गेल्या महिन्यात २४ मुलं ३० दिवस होती, म्हणजे ७२० मूल-दिवस. १८ भागिले ७२०, गुणिले १०००, आले २५. या महिन्यात २० मुलं, ६०० मूल-दिवस, १६ घटना. दर हजारी २६.७. घटना कमी झाल्या, प्रमाण वाढलं. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहा : या १६ घटना किती मुलांच्या? दहा मुलांच्या असतील तर प्रश्न घराच्या वातावरणाचा आहे. दोघांच्या असतील तर त्या दोघांचा आराखडा चुकतो आहे. एकच एकूण आकडा, पण पुढचं काम पूर्ण वेगळं.

नोंदीत वेळ हवी, 'संध्याकाळी' असं नको, ७:४० असं हवं. तीन महिन्यांच्या घटना तासवार मांडल्या की गठ्ठे दिसतात, बहुधा बदलाच्या वेळांना : शाळेतून परतल्यावर, पाळी बदलताना, दिवे मालवण्याआधी. दिवसपाळीची माणसं बंद खोलीत रात्रपाळीला माहिती देत असतात, बाहेर मुलांकडे एकच जण असतो, आणि नेमक्या त्या वीस मिनिटांत भांडण पेटतं. असं दिसलं तर मुलाच्या रागाच्या व्यवस्थापनाचा वर्ग घेण्याआधी वेळापत्रक बदलावं.

घटनांची नोंद कमी होते तेव्हा मनात शंका धरावी. नोंद केली की तीन पानी फॉर्म आणि वर चौकशी, असं असेल तर माणसं 'जरा हात धरला' एवढ्यावर भागवतात. पडताळा बाहेरून घ्यायचा : प्रथमोपचाराची वही, गरज पडल्यास द्यायच्या शामक औषधांचा साठा, पोलिसांना केलेले फोन, आणि मुलांचं स्वतःचं सांगणं. प्रथमोपचाराच्या वहीत सहा ओरखडे आणि घटनांच्या वहीत दोन घटना, तर चार कुठे गेल्या? चांगलं प्रशिक्षण दिल्यावर पहिले दोनतीन महिने नोंदी वाढतात, ती चांगली खूण आहे. त्या वेळी जो अधिकारी रागावतो तो पुढची कित्येक वर्षं खरी नोंद गमावतो. तक्रारपेटीचंही तसंच. शून्य तक्रारी हा अभिमानाचा आकडा नाही. पेटीची किल्ली कोणाकडे आहे, ती कोणत्या जागी टांगली आहे, पेटीशी उभं राहिलेलं मूल कोणाकोणाला दिसतं, हे आधी पाहावं.

एका महिन्याच्या चढउतारावर नाचू नये. नेहमीचं हलणं कुठलं आणि खरा बदल कुठला हे ओळखण्यासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यासाठी आखलेला नियंत्रण-आलेख इथेही चालतो, आणि त्याचं सोपं भावंड तर वहीच्या कागदावर काढता येतं. आडवे महिने, उभं दर हजारी प्रमाण, मधोमध मध्यकाची रेघ, म्हणजे निम्मे बिंदू जिच्या वर आणि निम्मे खाली येतात ती. ओळीनं सहा किंवा जास्त बिंदू रेघेच्या एकाच बाजूला आले, किंवा पाच किंवा जास्त बिंदू सलग चढत वा उतरत गेले, तर काहीतरी खरंच बदललं असं धरतात. बाकीचं हलणं नेहमीचं. बारा मुलांच्या घरात तर टक्केवारी लिहूच नये, एक मूल इकडचं तिकडे झालं की ८.३ टक्के हलतात. 'बारापैकी सात' असं लिहावं. वाचणाऱ्याला उरलेली पाच आपोआप दिसतात.

सुधारणेचा प्रयोग छोटा करावा. वरचंच उदाहरण घेऊ. पाळी बदलायची वेळ ८:३० वरून ७ वर आणायची. एका मजल्यावर, दोन आठवडे. आधीच लिहून ठेवायचं की आपल्याला काय अपेक्षित आहे : ८ ते ९:३० मधल्या घटना निम्म्यावर येतील. प्रक्रियेचं माप : त्या वेळात प्रत्यक्ष मुलांमध्ये असलेली मोठी माणसं किती. आणि तिसरं, ज्याचा विसर पडतो ते तोल पाहणारं माप : या बदलानं दुसरीकडे काय बिघडलं? अभ्यासाचा तास खाल्ला गेला का, ७ वाजता नवं भांडण सुरू झालं का? धरून ठेवण्याच्या घटना शून्य करा असा आदेश येतो, आणि त्या खरंच शून्य होतात, तेव्हा पोलिसांना गेलेले फोन, शामकांच्या गोळ्या आणि 'इथे जमत नाही' म्हणून हलवलेली मुलं हे तीन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ते वाढले असतील तर हिंसा कमी झालेली नाही, फक्त पत्ता बदलला. धरून ठेवणं आणि कोंडणं कमी करण्याचे जे आराखडे चांगले मानले जातात, त्यांत वरिष्ठांचा प्रत्यक्ष सहभाग, आकड्यांचा वापर, कर्मचाऱ्यांचं शिक्षण, मुलागणिक प्रतिबंधाची योजना, मुलांना आणि कुटुंबांना निर्णयात जागा, आणि प्रत्येक घटनेनंतर शांतपणे केलेली उजळणी, या सहाही गोष्टी असतात. बहुतेक ठिकाणी यातलं शिक्षण तेवढं होतं, दोन दिवसांचं, आणि मग फरक का पडला नाही याचं आश्चर्य वाटतं.

अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाविषयी जे निरीक्षण नोंदवलं, ते इथे रोज खरं ठरतं. आकड्यावर दाब आला की आकडा वाकतो. राहण्याचा सरासरी काळ कमी करा म्हटलं की तो कमी होतो. त्यासोबत बारा महिन्यांत पुन्हा दाखल झालेल्यांचा आकडा मागितला नाही, तर मुलं लवकर घरी गेली की लवकर ढकलली गेली हे कळायची सोय नाही. आणि सगळ्यात सोपी पळवाट दारातच असते : अवघड मूल घ्यायचंच नाही. म्हणून प्रवेशाची एक वही वेगळी असावी. किती मुलांबद्दल विचारणा झाली, किती नाकारली, का नाकारली. 'आमच्याकडे योग्य सुविधा नाही' हे कारण वर्षात पंधरा वेळा आलं, तर पुढच्या वर्षी कोणती सुविधा हवी याची मागणीच त्या वहीनं लिहून दिलेली असते. छेद दारापासून सुरू होतो.

राहिला पाठपुरावा. मुलं सापडतच नाहीत असं म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतला मिडवेस्ट अभ्यास आहे. आयोवा, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय या राज्यांतल्या, सरकारी संगोपनातून बाहेर पडणाऱ्या सातशेहून अधिक तरुणांना मार्क कोर्टनी आणि सहकाऱ्यांनी सतरा-अठराव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंत पाच वेळा गाठलं, आणि शेवटच्या फेरीतही दर पाचातले सुमारे चार सापडले. संशोधकांकडे पैसे होते, माणसं होती, हे खरं. पण त्यांच्या यशाचा मोठा भाग पैशाशिवायही जमतो, कारण पाठपुरावा मूल जायच्या आधी सुरू करायचा असतो. महिनाभर आधी त्याला विचारावं : तू हरवलास तर तुझा पत्ता कोणाला ठाऊक असेल? तीन नावं, तीन नंबर, वेगवेगळ्या घरांतले. त्यातलं एक मित्राचं असावं, सगळी नातेवाइकांची नकोत. त्या तिघांना फोन करून तू कसा आहेस विचारलं तर चालेल का, आणि काय सांगितलेलं चालणार नाही, याची संमती मुलाकडून घ्यावी. नंबर त्याच्यासमोर लावून पाहावेत. चुकीचा अंक तेव्हाच सापडतो.

मग फोन एका आठवड्यानं, एका महिन्यानं, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. पहिले दोन त्याच्या ओळखीच्या काळजीवाहकानं करावेत, कारण त्या दिवसांत त्याला माहिती देण्यापेक्षा आवाज ऐकायचा असतो. सहा आणि बारा महिन्यांचा फोन मात्र दुसऱ्यानं करावा. जीव लावलेल्या माणसाला मुलं वाईट बातमी सांगत नाहीत. 'कसं चाललंय' हा प्रश्न उपयोगाचा नाही, त्याचं उत्तर 'चांगलं' हेच येतं. काल रात्री कुठे झोपलास? गेल्या सहा महिन्यांत किती ठिकाणी राहिलास? गेल्या आठवड्यात किती दिवस शाळेत किंवा कामावर गेलास? काल किती वेळा जेवलास? रात्री दोन वाजता काही झालं तर कोणाला उठवशील? हे पाच प्रश्न पाच मिनिटांत होतात. शेवटच्या प्रश्नाला आलेलं नाव लिहून ठेवावं, कारण सहा महिन्यांनी तेच नाव पुन्हा येतं का, यावरून एखाद्या प्रश्नावलीपेक्षा जास्त कळतं. आणि उत्तर वाईट आलं तर फोन करणाऱ्यानं त्याच दिवशी काय करायचं, कोणाला कळवायचं, हे आधी ठरलेलं असावं. नुसती नोंद घेऊन ठेवून देण्यासाठी कोणाला असे प्रश्न विचारू नयेत.

पळून गेलेल्यांची आणि हलवलेल्यांची नावंही त्याच यादीत, त्याच तारखांना. त्यांनाही फोन. किमान सहा प्रयत्न, वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी, एक तरी सुटीच्या दिवशी. मग ते तीन नंबर. तरीही कोणी सापडलं नाही तर ओळ खोडायची नाही, वहीतून काढायची नाही, 'लागू नाही' लिहायचं नाही. 'माहीत नाही' असं लिहायचं, आणि पुढच्या रकान्यात पुढच्या प्रयत्नाची तारीख.